बोली चालते पाण्याच्या वाटेने

'दर बारा कोसांवर भाषा बदलते' ही म्हण आपण सगळेच ऐकवतो. शाळेच्या निबंधात लिहितो, सभेत सांगतो, वर मान डोलावतो. पण वाचकहो, ही म्हण कधी पायी चालून तपासली आहे का? नसेल, तर एकदा पालघर स्टेशनवर उतरा आणि पश्चिमेला सातपाटीची वाट धरा.

पालघर ते सातपाटी अंतर ते किती? दहा-अकरा किलोमीटर. म्हणजे जेमतेम साडेतीन कोस. पण स्टेशनबाहेरच्या दुकानात हिंदी आणि गुजराती ऐकू येते. भाजी, गवत, लाकूडफाटा घेऊन पूर्वेकडून आलेल्या बाईच्या तोंडी वारली असते. शिरगाव-माहीमकडच्या वाड्यांत शिरलात तर वाडवळी आहे. सातपाटीच्या बंदरावर पोहोचलात की मांगेली आणि वैती कोळ्यांची बोली कानावर पडते. आणि गावातल्या शाळेत फळ्यावर पुस्तकी मराठी. साडेतीन कोसांत इतक्या तऱ्हा! बारा कोसांचे गणित इथेच चुकले.

आता उलट करून बघा. सातपाटीहून होडीने उत्तरेला निघा. खाडीपलीकडे मुरबे, पुढे नवापूर, दांडी, घिवली, चिंचणी, वरोर, डहाणू, झाई आणि हद्द ओलांडून गुजरातचे उंबरगाव. हे अंतर पन्नास किलोमीटरच्या वर, म्हणजे पंधरा-सोळा कोस भरेल. पण मांगेली बोलणाऱ्या माणसाचे या सगळ्या पट्ट्यात कुठे अडत नाही. हेल थोडा बदलतो, एखादा शब्द वेगळा निघतो, एवढेच. बारा कोस उलटून गेले तरी बोली तीच!

मग म्हण खोटी का? खोटी नाही, अपुरी आहे. भाषा कोसांनी बदलत नाही. माणसांची ये-जा जिथे थांबते तिथे ती बदलते. आणि ये-जा कुठून होते, हे नकाशावरच्या अंतराने ठरत नाही, धंद्याने आणि सोयरिकीने ठरते.

ये-जा हाच खरा रस्ता

बोली कशी तयार होते, हे समजायला फार मोठी विद्या लागत नाही. लहान मूल भाषा आईबापांकडून घेते हे खरे. पण पाच-सहा वर्षांचे झाले, अंगणात आणि किनाऱ्यावर खेळू लागले, की ते बरोबरीच्या पोरांसारखे बोलू लागते. प्रत्येक पिढीत उच्चार थोडा सरकतो. कुठे एखादा स्वर लांबतो, कुठे जिभेला जड जाणारे अक्षर हलके होते. हा बदल कोणी ठरवून करत नाही, कोणाच्या ध्यानातही येत नाही. ज्यांचे एकमेकांशी रोजचे बोलणे असते, त्या सगळ्यांत तो पसरतो. ज्यांच्याशी बोलणे नसते, तिथे पोहोचत नाही. दोन-चारशे वर्षे असे चालले की एका भाषेच्या दोन बोली उभ्या राहतात.

आता सातपाटीचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या कोणाशी बोलत आला? दर्यात शेजारच्या होडीवरच्या माणसाशी. वादळवाऱ्यात ज्या बंदराचा आसरा घेतला, तिथल्या कोळ्याशी. लेक दिली ती किनाऱ्यावरच्याच दुसऱ्या गावी, सून आणली तीही तिथूनच. सून येताना एकटी येत नाही, माहेरचे शब्द घेऊन येते. सासू हसते, जावा चिडवतात, पण तिची मुले तिचे दोन-चार शब्द उचलतातच. असे घरोघरी झाले म्हणजे दोन गावांची बोली एकमेकींत मिसळत राहते.

शेजारच्या वाडीतला बागायतदार अर्ध्या कोसावर राहतो. त्याच्याशी बाजारात गाठ पडते, मासळीच्या बदल्यात भाजी-भात होतो, रामराम होतो. पण सोयरीक होत नाही आणि धंदा वेगळा. म्हणून त्याची वाडवळी त्याच्याकडे राहिली, कोळ्याची बोली कोळ्याकडे. आपल्याकडे जात ही नुसती पंगतीची आणि लग्नाची रेघ नव्हती, ती उच्चाराचीही रेघ झाली. ही गोष्ट सुखाची नाही, पण खरी आहे.

जमिनीवरून आडवळणाचे असणारे मुरबे पाण्यावरून समोर दिसते. आपण रस्त्याने हिंडणारी माणसे खाडीला अडथळा समजतो. ज्याच्या दारात होडी आहे, त्याला खाडी हाच हमरस्ता. म्हणून किनाऱ्यावरची बोली किनाऱ्याकिनाऱ्याने लांबवर गेली, आत मात्र फारशी शिरली नाही.

एका अक्षराची गोष्ट

बोलीभाषेच्या अभ्यासात एक जुना विचार आहे. जर्मन पंडित योहान्नेस श्मिट यांनी तो १८७२ साली मांडला. पाण्यात दगड टाकला की लाटा जशा गोल पसरत जातात, तसे भाषेतले बदल पसरतात. प्रत्येक बदलाची लाट वेगळी. एक इथे थांबेल, दुसरी पुढे जाईल. समुद्रकाठच्या माणसाला ही उपमा वेगळी समजावून सांगायला नको.

आपल्या भागातला नमुना घ्या. वाडवळीत आणि वसईकडच्या सामवेदी बोलीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'स'चा 'ह' होतो. 'सांग'चे 'हांग' होते. वसईबाहेरच्या माणसाला हे ऐकून गंमत वाटते. पण सुरतेकडच्या किंवा काठेवाडच्या माणसाचे घरगुती गुजराती ऐका. पुस्तकात 'सारुं' असे लिहिलेले असते, तोंडात 'हारुं' येते. लिपी निराळी, भाषा निराळी, राज्य निराळे. पण उच्चाराची खोड दोन्हीकडे सारखीच.

दुसरी लाट दक्षिणेकडे मिळते. मुंबई, ठाणे, रायगडच्या कोळी आणि आगरी बोलण्यात 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'ल' आणि बऱ्याच ठिकाणी 'ड'चा 'र' होतो. पाण्याचे 'पानी', डोळ्याचा 'डोला', गाडीची 'गारी'. आता एका लाटेची हद्द नकाशावर निळ्या पेन्सिलीने आखा, दुसरीची तांबड्या पेन्सिलीने. दोन रेघा एकमेकींवर बसत नाहीत, एकमेकींना कापत जातात. म्हणूनच 'इथे ही बोली संपली आणि तिथे ती सुरू झाली' असा दगड रोवता येत नाही.

राज्याची हद्द मात्र दगड रोवूनच आखतात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील गावे तेव्हा गुजरातेत गेली. झाईचा पोरगा मराठी शाळेत बसला, उंबरगावचा गुजराती शाळेत. दोघांच्या पाटीवरची अक्षरे वेगळी झाली. घरात आणि होडीवर मात्र मांगेलीच राहिली. सरकारी हद्द एका दिवसात बदलते. बोलीला तेवढी घाई नसते.

बंदरावर उतरलेले शब्द

केळवे-माहीम, तारापूर, वसई हा मुलूख कधीच एकटा पडलेला नव्हता. 'महिकावतीची बखर' या ग्रंथात या भागात निरनिराळी कुळे कशी येत गेली याच्या हकिकती आहेत. महिकावती म्हणजे आपले माहीम. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही बखर १९२४ साली प्रसिद्ध केली. तिच्यातील प्रत्येक हकिकत जशीच्या तशी इतिहास म्हणून घेता येणार नाही. तरी उत्तरेकडून, गुजरातच्या बाजूने माणसे येत राहिली ही आठवण तिच्यात आहे. आजच्या वाडवळीतली गुजराती छटा त्या आठवणीशी जुळते.

पुढे १५३४ साली वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. मधली दोनशे वर्षे या किनाऱ्यावर पोर्तुगीज अंमल होता. किल्ले पडके झाले, पण शब्द शाबूत राहिले. आपण रोज 'पाव' खातो, 'बटाटा' शिजवतो, 'चावी' लावतो, 'घमेले' उचलतो आणि पहिल्या तारखेला 'पगारा'ची वाट बघतो. हे सगळे पोर्तुगीज पाहुणे. इंग्रजांचा पॉम्फ्रेट आणि आपला पापलेट यांचे नातेही पोर्तुगीजांच्या 'पांपो'शी लावतात. किनाऱ्यावरचा जुना शब्द 'सरंगा'. बाजारात पापलेट, घरात सरंगा. एका माशाची दोन नावे म्हणजे दोन गिऱ्हाईके, दुसरे काय!

होडीवरचे शब्द तर आणखी दूरचे. 'नाखवा' हा फारसी 'नाखुदा'चा वारस, म्हणजे नावेचा धनी. 'खलाशी' अरबीतून आला, 'बंदर' फारसीतून. 'तांडेल' हा शब्द थोड्याफार फरकाने गुजरातपासून केरळपर्यंत ऐकू येतो. शेतकऱ्याने हे शब्द घेतले नाहीत कारण त्याला त्यांचे काम नव्हते. शब्दही मालासारखाच असतो. जिथे खप तिथे तो उतरतो.

गंमत अशी की, 'नांगर' हा शब्द दोघांकडेही आहे. शेतकऱ्याचा नांगर जमीन फाडत पुढे जातो, कोळ्याचा नांगर होडीला हलू देत नाही. एकाच तालुक्यात, एकाच शब्दाची दोन कामे!

शब्दांच्या पोटात धंदा

बोली म्हणजे नुसता हेल नव्हे. तिच्या पोटात धंद्याचे ज्ञान भरलेले असते. शहरातल्या माणसाला भरती आणि ओहोटी हे दोन शब्द पुरतात. कोळ्याला पुरत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याचा जोर वाढतो ते 'उधाण', अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावते तो 'भांग'. डोल जाळे पाण्याच्या ओढीवर चालते, म्हणून त्याचे दिवस उधाणाशी बांधलेले. रात्री-पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा तो 'मतलई'. शिडाच्या जमान्यात या एका शब्दावर होडी बाहेर पडायची की नाही ते ठरत असे.

'कव' हा शब्द घ्या. डोल जाळे बांधण्यासाठी समुद्रात जी जागा खुंट ठोकून धरतात, ती कव. जमिनीवर जसा सातबारा, तशी दर्यात कव. पालघर-डहाणूकडचे मच्छीमार आणि वसई-उत्तनकडचे मच्छीमार यांच्यात कवींवरून वर्षानुवर्षे तंटा चालत आला आहे. आत राहणाऱ्या वाचकाला बातमीतला हा शब्द कळला नाही, तर सगळा तंटाच कळणार नाही. 'दालदा' म्हटले की सातपाटीकराच्या डोळ्यांपुढे पापलेटचे जाळे येते. घाटावरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे तुपाचा पिवळा डबा!

धंदा बदलला की शब्द गळतात. सातपाटीत १९५० नंतरच्या काळात होड्यांना यंत्रे बसू लागली. राज्यात या कामी सातपाटी पुढे होती. यंत्राने कोळ्याचे कष्ट वाचवले, त्याला दूर नेले, ही गोष्ट चांगलीच झाली. पण वारा कोणत्या बाजूचा, याला पहिल्यासारखे महत्त्व राहिले नाही आणि वाऱ्यांची नावे पोरांच्या तोंडून जाऊ लागली. पुढे उपग्रहावर चालणारे दिशादर्शक यंत्र आले. डोंगराचे शिखर, देवळाचा कळस अशा खुणा जुळवून समुद्रातली जागा ओळखण्याची विद्या मागे पडली. त्या खुणांची आणि जागांची नावेही तिच्यामागे चालली आहेत.

आता लाटा स्टेशनावरून येतात

पूर्वी नवा शब्द बंदरावर उतरत असे. आता तो रेल्वे स्टेशनावर उतरतो. आगगाडी १८६० च्या दशकातच या भागातून गेली. मोठा बदल मात्र गेल्या पन्नास-साठ वर्षांतला. १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, राजस्थान, कुठकुठले कामगार आले. एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि कचेऱ्या इथे आल्या.

याचा बोलण्यावर काय परिणाम होतो? इंग्लंडमधले भाषाभ्यासक पीटर ट्रडगिल यांनी दाखवले आहे की नवे उच्चार मोठ्या शहरातून निघून वाटेतल्या खेड्यांत रेंगाळत नाहीत. ते आधी पुढच्या शहरात उडी मारतात, तिथून आजूबाजूच्या गावांत उतरतात. आपल्याकडेही हेच चालू आहे. मुंबईतली बोलण्याची ढब बोईसर-पालघरच्या कॉलेजात आधी पोहोचते, आतल्या पाड्यावर नंतर. 'मी त्याला म्हटलं' मागे पडून 'मी त्याला बोललो' होते. 'मला मदत कर' ऐवजी हिंदीच्या वळणाने 'माझी मदत कर' येते. आपल्या घरातल्या मुलांचे बोलणे एक दिवस कान देऊन ऐका, म्हणजे हे पटेल.

पण अनेक भाषा एका गावात आल्या म्हणजे एकीने दुसरीला गिळलेच पाहिजे, असेही नाही. सांगलीजवळच्या कुपवाडचे उदाहरण जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत शिकवतात. गम्पर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी १९७१ साली तिथला अभ्यास प्रसिद्ध केला. कुपवाडात मराठी, कानडी आणि उर्दू शेकडो वर्षे शेजारी नांदल्या. रोजच्या व्यवहारामुळे तिन्हींची वाक्यरचना इतकी सारखी झाली की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते. तरीही प्रत्येक घराने आपली भाषा सोडली नाही. बाजारात जुळवून घेतले, घरात राखले. सातपाटीची मासळीवालीही तेच करते. गिऱ्हाईक गुजराती असेल तर गुजराती, भैया असेल तर हिंदी, आणि शेजारच्या पाटीवालीशी भाव ठरवायचा तर मांगेली.

सध्या होड्यांवरही मिसळण चालली आहे. खलाशांत जव्हार-तलासरीकडचे आदिवासी तरुण आहेत. डहाणू-तलासरीचे कितीतरी जण गुजरातच्या होड्यांवर जातात. वारली पोरगा डोल ओढायला शिकतो, त्याबरोबर कोळ्यांचे आणि काठेवाड्यांचे शब्दही शिकतो. नवी सरमिसळ अशीच तयार होते. अजून तिचे नाव कोणी ठेवलेले नाही इतकेच.

'अशुद्ध' म्हणजे काय?

इथे थोडे स्पष्ट बोलायला हवे. किनाऱ्यावरचा पोरगा शाळेत 'पानी' म्हणाला की वर्ग हसतो. 'शुद्ध बोल' असे त्याला सांगितले जाते. वाचकहो, शुद्ध म्हणजे कोणाचे?

आज आपण जिला प्रमाण मराठी म्हणतो, तिची घडी एकोणिसाव्या शतकात बसली. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश निघाला. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण आले. छापखाना, सरकारी शाळा, क्रमिक पुस्तके यांना एक ठरीव भाषा हवी होती. तेव्हा पुणे भागातल्या शिकलेल्या वर्गाची बोली आधाराला घेतली गेली. कारभार तिथला होता म्हणून, तिथली जीभ जास्त पवित्र होती म्हणून नव्हे. तर्खडकर हे आडनाव आपल्या वसईजवळच्या तर्खडचे, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रमाणभाषा हवीच. अर्ज, कायदा, वर्तमानपत्र यांचे तिच्यावाचून चालणार नाही. कोळ्याच्या पोरालाही ती उत्तम आलीच पाहिजे. पण मांगेली ही तिची बिघडलेली नक्कल नव्हे. दोघी बहिणी आहेत. एक शाळेत गेली, दुसरी दर्यावर. 'पानी' म्हणणाऱ्याचा 'न' नियमाने येतो, मनाला येईल तसा नाही. जिथे नियम आहे तिथे व्याकरण आहे.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कोळी, आगरी, वारली, वाडवळी, सामवेदी अशा आपल्या भागातल्या कितीतरी बोलींची नोंद आहे. मोठे काम होते ते. पण मुख्य नमुना म्हणून प्रत्येक बोलीत घातली होती ती बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट. त्या गोष्टीत शेत आहे, गुरे आहेत, डुकरे आहेत. दर्या, जाळे, होडी नाही. म्हणजे कोळ्याची बोली नोंदली, पण कोळ्याचे खास शब्द बाहेरच राहिले. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीने मराठीच्या बोलींची नवी पाहणी केली आणि माणसांचे बोलणे आवाजासह साठवले. गणेश देवींच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणातही महाराष्ट्राच्या बोलींचा खंड निघाला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. पण दर्जाचे तोरण दारावर लागले म्हणून घरातल्या बोलींचे पोट आपोआप भरत नाही.

राहायचे की जायचे?

आता मुद्द्याची गोष्ट. बोली टिकते कशाने?

अमेरिकेत मार्थाज व्हिनयर्ड नावाचे एक बेट आहे. तिथेही जुने मच्छीमार, आणि उन्हाळ्यात शहरातून पाहुण्यांचा लोंढा. विल्यम लबॉव्ह या अभ्यासकाने तिथल्या बोलण्याचा अभ्यास करून तो १९६३ साली प्रसिद्ध केला. सगळ्यांना वाटत होते की पाहुण्यांमुळे बेटावरचा जुना हेल पुसून जाणार. झाले उलटेच. मासेमारीत असलेल्या माणसांत आणि बेटावरच राहायचे ठरवलेल्या तरुणांत तो हेल अधिक ठसठशीत झाला होता. ज्या तरुणांचे मन बाहेर लागले होते, त्यांच्या तोंडून तो चालला होता. हेल म्हणजे 'मी इथला' असे सांगणे होते.

हा धडा सातपाटीला जसाच्या तसा लागू आहे. पोरगा बंदरावर राहणार असेल, तर त्याला बोली राहील. पण राहायला कारण हवे. २०२३ साली राज्य सरकारने चंदेरी पापलेटला राज्यमासा जाहीर केले. सातपाटीकरांना त्याचा आनंद झाला. पण त्याच पापलेटची आवक घटत चालली आहे, मासा लहान मिळतो आहे, पिल्लेच जाळ्यात येत आहेत, ही तक्रार इथले मच्छीमार कितीतरी वर्षे करत आहेत. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे. बंदराच्या बऱ्यावाईटाचा वाद इथे उकरायचा नाही. एवढेच ध्यानात घ्या की, कोळी किनाऱ्यावरून उठला की त्याच्याबरोबर कव, भांग, मतलई हे शब्दही उठतात. वसाहतीतल्या खोलीत उधाण मोजायचे कशाला?

म्हणून बोली वाचवण्याचा प्रश्न कवितासंग्रहाने सुटणार नाही. तो मासळीच्या भावाशी, जाळ्याच्या आसाच्या मापाशी, बंदरातल्या गाळाशी बांधलेला आहे. धंदा जगला तर बोली जगेल.

तोवर हात बांधून बसायचेही कारण नाही. गावागावांत अजून जुने तांडेल आहेत, मासळी विकून घर उभे केलेल्या आज्या आहेत. त्यांच्या तोंडी वारे, पाणी, जाळी, मासे, गाठी, खुणा यांची जी नावे आहेत, ती वहीत उतरवायला पैसा लागत नाही. प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारा फोन आहे. नुसता शब्द लिहू नका. तो कोणत्या कामाचा, कोणत्या दिवसांतला, हेही लिहा. मच्छीमार सहकारी सोसायट्यांनी मनावर घेतले, तर एका पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला असताना, गावाचा कोश तयार होईल. शाळेतल्या गुरुजींना एकच विनंती. पोरगा 'पानी' म्हणाला तर हसू नका. 'तुझ्या घरी पानी म्हणतात, पुस्तकात पाणी लिहितात, दोन्ही शीक,' एवढे म्हणा. पोर दोन्ही शिकते.

आणि वाचकहो, तुम्ही कोळीवाड्यातले नसाल तरी हे काम तुमच्यासाठीही आहे. वाडवळीत बागेच्या पाटाला, विड्याच्या पानाला, माडाच्या झावळीला जे शब्द आहेत, वारलीत भाताच्या जातींना आणि रानभाज्यांना जी नावे आहेत, तीही याच वाटेवर आहेत. तुमच्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आज रात्री जेवताना एक प्रश्न विचारा. तुमच्या लहानपणी रोज लागणारा कुठला शब्द आता ऐकू येत नाही? उत्तर आले की लिहून ठेवा. कोणत्या कामाचा, तेही लिहा. उद्या दुसरा विचारा.